डाव्या कानाला चीर

माणसं दोन कारणांनी पत्ते खेळतात, असं मायाक्काचं मत. एक तर घरी कुणी विचारत नाही म्हणून, नाहीतर डोकं फुकटात मिळालंय म्हणून. चिंचोळी एमआयडीसीत सुताच्या एका कंपनीच्या गेटाशी, लिंबाच्या सावलीत ती नऊ वर्षं चहा करत होती. नऊ वर्षांत तिला तिसरं कारण काही सापडलं नव्हतं.

गेटावर ट्रकांची रांग लागायची. नंबर यायला कधी तास, कधी अख्खा दिवस. ड्रायव्हर लोक ताडपत्री टाकून दोघं दोघं समोरासमोर बसायचे आणि सात-आठ खेळायचे. दोघांचा खेळ, तीस पानं. एकानं सात हात करायचे, दुसऱ्यानं आठ. आठवाल्यानं पहिली पाच पानं बघून हुकूम सांगायचा. मग प्रत्येकापुढं पाच पानं पालथी, त्यांच्यावर पाच उघडी. चहाला दोन उकळ्या येईपर्यंत डाव खलास. एवढ्या वेळात धड तंबाखू मळून होत नाही, पण ही माणसं तेवढ्यात जन्माची अब्रू घालवून बसायची आणि वर म्हणायची, "पानंच आली न्हाईत."

"पानं येत न्हाईत रं, अक्कल येत न्हाई," मायाक्का आधणात साखर टाकत म्हणायची.

तिला खेळ येत होता, आणि चांगला येत होता. नवरा बिरप्पा जिवंत होता तेव्हा सांगोल्याकडची त्यांची मेंढरं घेऊन दोघं आठ-आठ महिने रानोमाळ हिंडायची. दुपारी मेंढरं झाडाखाली माना घालून थांबली की करायचं काय? दोघंच, म्हणून दोघांचा खेळ. बिरप्पाला दोनच गोष्टी जमायच्या, झोपणं आणि हरणं. हरला की तो पानांना शिव्या द्यायचा, मग मेंढरांना, मग सासऱ्याला. तो गेला, मेंढरं विकली. मायाक्का भावाच्या आधारानं सोलापूरला आली आणि स्टोव्ह पेटवून गेटाशी बसली. रडली किती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्याजोगं नसावं.

गेटावरच्या वॉचमन लोकांचा मुकादम होता धनाजी. चाळिशीतला गडी, मिशीला कलप, मानेला पावडर. गळ्यातली शिट्टी घरच्या देवाला दाखवत नसेल एवढ्या मानानं वागवायचा. गेटाबाहेर कुणी बसायचं, कुणी उठायचं, हे तो ठरवायचा. कंपनीनं त्याला तसं सांगितलं होतं असं नाही. पण कुणी विचारलं नाही आणि त्यानं सोडलं नाही. सांगोल्यात आपली डाळिंबाची बाग आहे, नोकरी नुसती वेळ जावा म्हणून करतो, असं तो रोज एकाला तरी ऐकवायचा. मायाक्काच्या बाकड्यावर घोंगडी अंथरलेली असायची. त्या घोंगडीवर तो कधी बसायचा नाही. "मेंढराचा वास मारतोय," म्हणायचा आणि नाकाला रुमाल लावायचा.

हाच धनाजी सात-आठमध्ये कधी हरत नव्हता. खिशात स्वतःचा पत्त्यांचा कॅट, दुसऱ्याच्या पानांना हात लावायचा नाही. हरणाऱ्यानं चहा पाजायचा. अक्कलकोटकडचा सिद्धाप्पा ड्रायव्हर त्याच्याशी तीन वर्षं खेळत होता आणि तीन वर्षं चहा पाजत होता. सिद्धाप्पा स्वभावानं बैल. मार खाऊन परत त्याच जुवाखाली मान द्यायचा.

मायाक्काला गोम कळून दोन वर्षं झाली होती. एकदा चहा देताना ती धनाजीच्या पाठीमागनं वाकली आणि पालथ्या पानांचे कोपरे तिच्या डोळ्यासमोर आले. कोपऱ्याला नखाएवढी चीर. दुसऱ्या पानाचं उजवं टोक उडवलेलं. शहरातल्या माणसाला ती पानं नुसती झिजलेली दिसली असती. मायाक्काचा हात कपासकट थांबला. जन्मभर तिनं हेच वाचलं होतं. मेंढरू चुकून दुसऱ्याच्या खांडात, म्हणजे कळपात, गेलं तर ओळखायचं कशावरून, तर कानावरून. ज्या त्या घराची खूण वेगळी. डाव्या कानाला चीर आणि उजव्याचं टोक उडवलेलं, ही खूण मुलखात एकाच घरची होती. म्हाळाप्पाची. मानेवर घोंगडं, पायात फाटकी पायताणं, तीस मेंढरांचा धनी म्हाळाप्पा. कुठली डाळिंबं आणि कुठली बाग.

पोरगं बापाचा धंदा सोडून आलं होतं, पण हाताला दुसरी खूण येत नव्हती. पानं उताणी होत गेली तसा तिनं हिशेब लावला: एक्क्याला चीर, राजाला टोक, राणीला दोन्ही.

ती गप बसली. धर्म म्हणून नव्हे. धनाजी जिंकला की तिचे दोन चहा खपत होते. ड्रायव्हर लुबाडले जात होते, पण डोळे असून आंधळ्यांना कोण काय करणार?

यंदा चैत्र संपता संपता बापूसाहेबांची नाष्ट्याची गाडी आली. बापूसाहेब हे जवळच्या गावचे माजी सरपंच. गाडीला रंगीत छत्री, काचेचं कपाट. पहिल्याच दिवशी धनाजीच्या टेबलावर पोह्यांची बशी गेली, दुसऱ्या दिवशी वडे. तिसऱ्या दिवशी धनाजी लिंबाखाली आला.

"आक्का, सोमवारपास्नं तू रस्त्याच्या पल्याड बस."

"पल्याड काय हाय?"

"जागा हाय की."

"ऊन हाय," मायाक्का म्हणाली. "ट्रक तितं थांबत न्हाय. तितं चहा कुणाला पाजू, खांबाला?"

"मला इचारून बसली हुतीस का हितं?"

"तू हुतास कुटं तवा? मी बसले तवा ह्या गेटाला दार बी नव्हतं."

ताडपत्रीवरची माणसं हसली. ते धनाजीला झोंबलं. जागा गेली तर मायाक्काचा धंदा गेला, एवढं तिला लख्ख कळत होतं. पल्याड सोलापूरचं ऊन, धूळ आणि ओढा. तिथं कावळासुद्धा पाण्याला थांबत नव्हता. पाया पडून जागा राहिली असती, पण धनाजीच्या पायांकडं बघितल्यावर तिला वाकवेना. पायसुद्धा बापाचेच होते, फक्त बुटात घातलेले.

ती म्हणाली, "लई मोटा खेळणारा हायेस म्हनं. ये. एक डाव. हरले तर सोमवार कशाला, आत्ता उठते. जिंकले तर ह्या लिंबाकडं परत बोट दावायचं न्हाय."

"बाईमाणसासंगं खेळू व्हय?"

"आमा गड्यांसंगं रोज खेळतोस की," सिद्धाप्पा म्हणाला. "का भ्यालास?"

धनाजीनं खिशातनं कॅट काढला. "मी सात करतो. तू आठ कर. हुकूम तुझा," असं म्हणून त्यानं मोठा उपकार केल्यासारखी पाच पाच पानं वाटली.

मायाक्कानं आपली पानं बघितली. चौकटचा गुलाम, दश्शी, अठ्ठी. किलवरचा राजा. इस्पिकची नव्वी. गरिबाघरचा स्वयंपाक. मग तिनं समोर बघितलं. धनाजीच्या हातातल्या पाच पानांच्या पाठी तिच्याकडं होत्या, आणि एकाही कोपऱ्याला चीर नव्हती की टोक उडवलेलं नव्हतं. म्हणजे ना एक्का, ना राजा, ना राणी. त्याच्याकडं तिच्याहून जास्त दुष्काळ.

"चौकट हुकूम."

बाकीची पानं मांडली गेली. धनाजीनं तिच्या पानांच्या पाठी न्याहाळल्या, ओठ हलवून खुणा मोजल्या आणि सैल होऊन बसला. तिच्या हातात एक राजा, बाकी कोपरे धड. त्यानं मोजायचं संपवलं.

हीच त्या घराण्याची खोड होती. म्हाळाप्पा तसाच. खुणेचं तेवढं आपलं, बिनखुणेचं रानाचं. संध्याकाळी तो कापलेले कान मोजायचा आणि खूण न केलेली कोकरं मागं ओढ्यात ओरडत राहायची. दर साल दोन-तीन कोकरं लांडग्याच्या पोटात जायची आणि म्हाळाप्पा नशिबाला बोल लावायचा. पोरानंही गुलाम-दश्शी मोजलीच नव्हती. त्यांना कान कुठं होते?

डाव चालू झाला. एक्के एकामागनं एक पडले. इस्पिकचा, बदामचा, किलवरचा. धनाजी हात ओढून घेत होता आणि सिद्धाप्पाला डोळा मारत होता. मायाक्का बघत होती ते त्याच्या पुढ्यातलं एकच पालथं पान. वर किलवरची दश्शी उघडी, खालच्या कोपऱ्याला चीर. तीन एक्के तर गेले होते. चौथा कुठला, ते सांगायला ज्योतिषी नको होता. हुकमाचा एक्का तिथं दबा धरून बसला होता.

तिनं किलवरचा राजा टाकला. धनाजीकडं किलवर दुसरं नव्हतंच. वरची दश्शी टाकावी लागली, आणि खालचा एक्का उताणा झाला. ड्रायव्हर "आयला" म्हणाले. धनाजी मिशीत हसला.

मायाक्कानं हुकमाची अठ्ठी टाकली.

"एक्क्यावर अठ्ठी? डोकं फिरलं का म्हातारीचं?" बापूसाहेबांचा गाडीवाला म्हणाला.

धनाजीकडं चौकटचं दुसरं पान उरलं नव्हतं. अठ्ठीवर एक्का टाकण्यावाचून इलाज नव्हता. कोकरू बांधून लांडगा बाहेर काढतात तसा हुकमाचा एक्का एका फडतूस अठ्ठीसाठी निघून गेला. मग मायाक्कानं बिनखुणेचा गुलाम काढला. मग दश्शी. मग राहिलेली पानं, सावकाश, चहा गाळावा तशी. नऊ हात झाले. आठ लागत होते.

सिद्धाप्पा बोटांवर हात मोजत होता. तीन वर्षं त्यानं हे का केलं नव्हतं, कुणास ठाऊक.

धनाजी पानं गोळा करायला वाकला, तेव्हा हळूच म्हणाला, "कसं वळखलंस?"

"कान बगून."

त्याचा चेहरा उतरला. कलपासकट म्हातारा झाला. "आक्का, हितं कुणाला बोलू नगं."

"म्हाळाप्पाचा तू."

"व्हय."

"तुझ्या बापानं चोरीचं मेंढरू घावावं म्हणून कान कापलं," मायाक्का म्हणाली. "तू चोरी कराया पानं कापलीस. त्याच्या अंगाला वास यायचा खरा. पर तो मेंढराचा हुता."

तिनं त्याच्या हातातनं कॅट घेतला. बाकड्याचा एक पाय कधीपासनं डुगडुगत होता. तिनं अख्खा कॅट त्या पायाखाली सारला, बसून बघितलं आणि घोंगडी नीट केली.

ती कुणाला काही बोलली नाही. दया आली म्हणून नव्हे. अशा माणसाची गोष्ट सांगत बसायला तिला वेळ नव्हता. लिंबाची सावली मिळाली नाही म्हणून नाष्ट्याची गाडी पल्याड गेली आणि तिथं कुणी थांबेना म्हणून आठवड्यात गावाकडं परतली.

धनाजीनं नवा कॅट आणला. मायाक्का कान बघते म्हटल्यावर तो कापायला त्याचा हात धजेना, आणि न कापलेल्या पानांनी त्याला खेळता येईना. आता तो सगळ्यांशी हरतो. सिद्धाप्पाशीसुद्धा. चहा पूर्वीएवढाच खपतो, पाजणारा तेवढा बदलला. मायाक्का कप त्याच्या हातात देते, नाकाकडं बघते आणि विचारते, "वास येतो का रं?"

धनाजी घोंगडीवर बसून मुकाट चहा पितो.