दिवाबत्ती आणि पासवर्ड

“पासवर्ड फाइलमां लखी नाखो ने, मेधाबेन. मशीन वांची लेशे,” जयेशभाई म्हणाले.

फाइलमध्ये पासवर्ड लिहायला मी नाही म्हटलं. कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातला तो प्रकार.

जयेशभाईंचं गोत्री भागात पाइपिंगच्या ड्रॉइंग्जचं ऑफिस आहे; तिथली कॉम्प्युटरची कामं मी बघते. मूळ फायली मात्र बाजव्याच्या क्लायंटच्या सर्व्हरवर. तिथला फोल्डर आपल्याच मशीनवर असल्यासारखा जोडून घ्यायचा, याला माउंट करणं म्हणतात. संध्याकाळी मेन स्विच बंद करून जायची ऑफिसची शिस्त, त्यामुळे रोज सकाळी तो नव्याने जोडावा लागे. पासवर्ड फक्त ऑफिस सांभाळणाऱ्या नयनाताईंकडे. त्या सगळ्यांआधी येत, अंबामातेपुढे दिवा लावत आणि मग पासवर्ड टाकत. लांबची रजा त्यांनी कधी घेतलीच नव्हती.

आता त्यांची मुलगी पुण्यात बाळंत होणार होती. माझ्या बाळंतपणात माझ्या आईला शाळेने रजा दिली नव्हती. म्हणून नयनाताईंशिवाय फोल्डर आपोआप जोडला जाईल असं करण्याचं हे काम मी जरा जास्तच मनावर घेतलं.

मी पासवर्डऐवजी ‘की’ बनवली, म्हणजे डिजिटल किल्ली. तिचा एक भाग आपल्या मशीनवर, जोडीचा भाग सर्व्हरवर. दोन्ही जुळले की दार उघडतं. क्लायंटनेही तेवढ्या फोल्डरपुरती परवानगी दिली, भले लोक.

मी स्वतः चालवून पाहिलं, चाललं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं आणि फोल्डर रिकामा. नयनाताई पुण्याचं तिकीट रद्द करायला निघाल्या.

मी त्यांना थांबवलं आणि लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडला. अनोळखी सर्व्हर भेटला की मशीन आधी विचारतं, याला ओळखता का? माझ्या लॉगिनवरून मी ‘yes’ म्हटलं होतं. पण मशीन सुरू होताना हे काम root करतो, म्हणजे मशीनचा कारभारी. त्याची ओळख करून द्यायची राहिली होती. उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून तो दारातूनच परतला. सर्व्हरची खूण क्लायंटकडून फोनवर पडताळून घेतली आणि root ला दिली. मेन स्विच बंद केला, चालू केला. फोल्डर भरलेला.

नयनाताईंनी जयेशभाईंच्या हातात दिव्याची काडेपेटी दिली आणि माझ्या हातात लीला चिवड्याचं पाकीट. “मेधा, तुझे उपकार,” एवढंच म्हणाल्या.

आठवड्याने सकाळी पुण्याहून नयनाताईंचा फोन आला. “नात झाली. दोघी मजेत आहेत.” मग लगेच, “फोल्डर खुललं ने?”

मशीनला एकदा सांगितलं की ते पुन्हा विचारत नाही. माणसं विचारत राहतात, हे आपलं नशीब.