करंजी घाटात लागलेला ऑइलचा दिवा

गेल्या बुधवारी आमच्या धाकट्या बहिणीचं, रूथचं लग्न झालं. तिसगावहून नगरच्या चर्चला निघालो होतो... गाडी मी चालवत होते, शेजारी भाऊ सॅम आणि मागे पांढऱ्या साडीतली नवरी.

गाडी आमची नव्हती, शेजारच्या रफिकभाईंची होती. त्यांचं घर त्या गाडीच्या भाड्यावर चालतं. तरी "नवरी माझ्याच गाडीतनं जानार" म्हणत ऐन लग्नसराईत त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली होती.

आता आमच्या घरची एक खोड सांगते. कुणाकडून डबा आला तर तो रिकामा परत जात नाही... सॅमनं तोच न्याय गाडीला लावला. तो नागापूरला एमआयडीसीत कामाला आहे, त्याचे हात सदा शिवशिवत असतात. आदल्या संध्याकाळी भाईंना न सांगता साहेबांनी इंजिन ऑइल बदललं, नवा फिल्टर बसवला. मलाही त्याचं भारी कौतुक वाटलं!

करंजी घाट चढत होतो. शेवटचं वळण संपता संपता डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. किटलीसारखं चित्र असतं ना, तो... ऑइलचा.

"सेन्सर असंल ताई, चालव," सॅम म्हणाला. चर्चची वेळ ठरलेली, पाळकसाहेब ताटकळलेले, आई कधीच तिथे पोचलेली. खोटं कशाला बोलू, माझा पाय एक्सिलरेटरवरच होता.

तेवढ्यात मागून रूथ म्हणाली, "ताई, बंद कर. भाईंचं इंजिन जाईल." मी गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली.

उतरून पाहते तर गाडीखाली तेलाचं थारोळं, आणि मागे वळणापर्यंत काळा ओघळ. ऑइलशिवाय इंजिन किती वेळ फिरलं असेल?

मागून आमच्या वऱ्हाडाचा टेम्पो आला. मावशी आतूनच ओरडली, "हळूहळू चालव की गं, नगर काय लई लांब न्हाई!" मी चावी पर्समध्ये टाकली. रूथला टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवलं. वडील नाहीत, त्यामुळे तिचा हात धरून तिला आत न्यायला सॅम हवाच होता. भाईंची सजवलेली गाडी घाटात बेवारस सोडणं मला जमेना... म्हणजे उरले मी.

टेम्पो निघाला तेव्हा रूथ काचेतून मागे बघत होती. मी हसून हात हलवला. तो दिसेनासा झाल्यावर मात्र रडूच आलं.

मग भाईंना फोन. काय झालं ते सांगितलं, सॅमचा पराक्रमही सांगितला. ते एवढंच म्हणाले, "आलो."

रडत बसायलाही फुरसत मिळाली नाही. एक मोटरसायकल त्या तेलावरून सटकता सटकता वाचली. मागे बसलेल्या बाईंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही! चर्चमध्ये उधळायच्या पाकळ्यांची परडी गाडीतच राहिली होती. ती सीटवर ओतली, आणि कडेची माती परडीनं नेऊन त्या ओघळावर टाकत सुटले. अंगावर लग्नाची साडी, केसात गजरा... येणारे-जाणारे वेड्यासारखे बघत होते.

मधेच सॅमनं मावशीच्या हाती फोन देऊन व्हिडिओ कॉल लावला. रूथ आत चाललेली दिसली, दोन पावलं... आणि रेंज गेली. मी फोन वर धरून रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरले. काही उपयोग झाला नाही.

भाई मोटरसायकलवर ऑइलचा कॅन बांधून आले. माझ्याकडे बघितलंही नाही. थेट गाडीखाली शिरले, फडकं धरून फिल्टर सोडवला आणि बाहेर येऊन तळहात पुढे केला. दोन रबरी रिंगा. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि सॅमनं तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. चढावर जोर आला तशी रिंग सरकली आणि सगळं ऑइल बाहेर.

"दिवा लागल्यावर किती चालवली?" त्यांचा आवाज कोरडा होता. मी म्हटलं, "लगेच बंद केली भाई." त्यांचा विश्वास बसला की नाही, कळेना.

एका रिंगेवर फिल्टर बसवला, ऑइल भरलं. भाईंनी डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. मीही मनात येशूचं नाव घेतलं. चावी फिरली... दिवा लागलेलाच. इंजिन धडधडलं... दिवा अजून लालच. आणि मग विझला.

भाई बॉनेटला कान लावून कितीतरी वेळ उभे होते. शेवटी ते सरळ झाले, इंजिन बंद केलं आणि चावी माझ्यापुढे धरली. "तूच चालव. टायमाला बंद केलीस म्हनून वाचली. मी मागं हाय."

नगरपर्यंत मी रस्ता कमी आणि डॅशबोर्डच जास्त पाहिला.

पोचले तेव्हा नवरा-नवरी चर्चच्या पायऱ्या उतरत होते. सगळं आटोपलं होतं. रूथनं मला पाहिलं आणि गर्दीतून पहिला प्रश्न ओरडून विचारला, "झाली का गं चालू?" मागे उभ्या असलेल्या भाईंनी मान फिरवून रुमालानं डोळे पुसले. सॅम तर त्यांच्या पायाच पडायला निघाला होता.

चर्चमधल्या फोटोंत तू कुठेच कशी नाहीस, असं बरेच जण विचारताहेत, म्हणून एवढं लिहिलं. बहिणीचं "होय" ऐकायचं राहून गेलं, त्याची चुटपुट आयुष्यभर राहील... पण तिच्या संसाराची सुरुवात दुसऱ्याचा संसार मोडून झाली नाही, याबद्दल देवाचे आभार मानताना मला अजूनही भरून येतं.