सूचक म्हणून माझं नाव

आमच्या पतसंस्थेची मी आठ वर्षं संचालक होते आणि त्या आठ वर्षांत मी एकही ठराव वाचला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

संस्थेत मला नेलं आक्कानं. शुक्रवार पेठेत आमच्या समोरच्या घरात ती राहते, कडक भाकरी करून विकते. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं चिडली की कानडीत सुरू होते. मी ब्लाउज शिवते. आमच्या गल्लीतल्या आम्हा दहा-बारा बायकांना तिनं धरून धरून सभासद केलं. "अगं, बँकेत आपण गिऱ्हाईक. हितं भाग घेतला की मालक. मत देता येतंय, उभं राहून विचारता येतंय," म्हणायची. आम्हाला त्यातलं विचारण्याचं काही पडलं नव्हतं. आक्का म्हणते म्हणून घेतले भाग.

संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्यातली एक रिकामी झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आक्काच जाणार. पण चेअरमन माझ्याकडं आले. "आक्का चांगल्या हायत, पण लई बोलतात. तुमी शांत. दहावी शिकलेल्या. तुमीच या की." मी आक्काला विचारलं, तर ती म्हणाली, "जा की मग. आपलं कुणीतरी आत असलं म्हणजे झालं." अशी मी बिनविरोध संचालक झाले. दुकानाच्या पाटीवर नावाखाली 'संचालिका' असं लिहूनही घेतलं. काय तो तोरा!

चेअरमन मूळचे करकंबचे. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपणच कुणीतरी मोठे वाटावं. मला सख्खा भाऊ नाही. राखी पौर्णिमेला ते न चुकता घरी यायचे, पाटावर बसायचे, हात पुढं करायचे. सुरुवातीला मी मंडळाच्या सभांना जायचे. पुरुष बोलायचे, मी पोहे खायचे. काही विचारलं तर "ताई, ते मॅनेजर बघतोय" असं उत्तर मिळायचं. पुढं तेच म्हणाले, "उन्हातान्हाचं कशाला येता? प्रोसिडिंग बुक घरी पाठवतो."

तेव्हापासून म्हातारा शिपाई पिशवीतून ते जाडजूड बुक आणायचा. सभेत काय ठरलं ते त्यात लिहिलेलं असतं. मी सही करायची ती जागा पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली असायची. मी मशिनीवर कापड बाजूला सारून सह्या करायचे. दुकानात गिऱ्हाईक असलं तर जरा सावकाश करायचे, म्हणजे बाईला दिसावं.

मागच्या वार्षिक सभेत मी व्यासपीठावर बसले होते. सभासद भेट म्हणून टॉवेल वाटून झाले होते आणि मागून मसालेभाताचा वास येत होता. मॅनेजर एकेक विषय वाचत होता आणि हॉल "मंजूर, मंजूर" ओरडत होता. तेवढ्यात आक्का उभी राहिली. पदर खोचून म्हणाली, "मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवा. अन् निवडणूक दरवेळी बिनविरोध कशी होतीय? अर्ज कधी मिळतात, कुणाला मिळतात, आम्हाला का कळत नाही?"

चेअरमन हसले. "आक्का, भात गार व्हायलाय."

सगळा हॉल हसला. मीपण हसले. आक्का त्या वेळी त्यांच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. "यंदा मी उभी राहणार. तुझ्या जागेवर. तुला दोनदा मिळाली की." मी म्हटलं, राहा ना, मी अर्ज भरत नाही. खरं सांगते, पोटात थोडं दुखलं. पण बोलले ते मनापासून बोलले होते. चेअरमन भेटल्यावर त्यांनाही तेच सांगितलं. ते नुसते "बरं बरं" म्हणाले.

मग एका दुपारी आक्का रजिस्टर पोस्टानं आलेला कागद घेऊन आली आणि माझ्या मशिनीवर आपटला. वार्षिक सभेच्या ठरावानुसार संस्थेची बदनामी केल्याबद्दल तिचं सभासदत्व रद्द झालं होतं. म्हणजे मत नाही, अर्ज नाही, काहीच नाही. खाली लिहिलं होतं, सूचक. आणि पुढं माझं नाव.

"हे तू मांडलंस?"

"आक्का, देवाशपथ नाही! सभेत हा विषय निघालाच नाही. तू होतीस की तिथं!"

"मी होते. मला म्हाईत हाय निघाला न्हाय ते. मग तुझं नाव कसं?"

मी मशीन तशीच सोडून संस्थेत गेले. चेअरमननी शांतपणे बुक काढून पुढं ठेवलं. ठराव लिहिलेला, सर्वानुमते मंजूर, आणि खाली माझी सही. माझीच. पेन्सिलीची फुलीसुद्धा पुसलेली नव्हती.

"ताई, चिडू नका. आक्का आल्या असत्या तर तुमची खुर्ची गेली असती. तुमच्यासाठीच केलं की हे."

माझ्यासाठी! ज्या हाताला मी राखी बांधत होते त्याच हातानं हा माणूस मला चहाचा कप पुढं करत होता. मी कप घेतला नाही, एवढंच काय ते केलं. घरी येऊन मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण तो ऐकायला मशिनीशिवाय कुणी नव्हतं.

आक्कानं निबंधक कार्यालयात तक्रार केली. सुनावणीला मला बोलावणं आलं. चेअरमन आधीच खुर्चीवर बसलेले. अधिकाऱ्यांनी विचारलं तसे ते दोन्ही हात पसरून म्हणाले, "सायेब, काय सांगू? दोघी एकाच गल्लीतल्या. नळावरची भांडणं. ताईंनीच हट्ट धरला, ठराव घ्याच म्हणून. मी लई समजावलं."

अधिकारी मिशीत हसले. बायकांचं भांडण! केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या खोलीत कळलं. मी उठले. "साहेब, हा माणूस खोटं बोलतोय. असा ठराव सभेत आलाच नाही. मी न वाचता सही केलीय."

"सही तुमचीच ना?"

"हो."

"तुम्ही संचालक ना, बाई?"

"हो."

"मग वाचत का नव्हता?"

ते लिहून घेत होते, मी उभी होते, कोपऱ्यात आक्का मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

निकाल तिच्या बाजूनं लागला. ठराव रद्द झाला, सभासदत्व कायम राहिलं, निवडणूकही लागली. गल्लीत पेढे वाटले. मी चेअरमनविरुद्ध तोंड उघडलं म्हणून चार बायकांनी माझी पाठही थोपटली. मला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

अर्ज भरायच्या दिवशी मी पेन घेऊन आक्काच्या घरी गेले. उमेदवाराच्या अर्जावर सूचक आणि अनुमोदक असे दोन सभासद लागतात. सूचकाची सही झाली होती. अनुमोदकाची जागा मोकळी होती. मी पेनाचं टोपण काढलं.

आक्कानं अर्ज आपल्याकडं ओढून घेतला. "ब्याड," म्हणाली, कानडीत 'नको'.

"अगं, मी संचालक पदाचा राजीनामा दिलाय. आता नुसती सभासद आहे. चालतंय."

"तुझी सही नको मला."

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती भाकरीच्या पिठाचे हात पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग तिनं शेजारच्या बांगडीवालीला हाक मारली. तीही आमच्यातलीच सभासद, जेमतेम चौथी शिकलेली. ती आली, चष्मा लावला, जमिनीवर बसली आणि ओळीखाली बोट धरून अर्ज वाचायला लागली. नाव, पत्ता, सभासद क्रमांक, एकेक अक्षर जुळवत. मी पेन हातात धरून दारात उभी होते. तिला लई वेळ लागला. आक्कानं तिला घाई केली नाही. शेवटची ओळ वाचून झाल्यावर तिनं पेन मागितलं. मी माझं पुढं केलं, पण आक्का फळीवरनं दुसरं आणायला उठली होती.