सशिणीचा जार

माझी जीभ लहानपणापासूनच तिखट. दात पडले, गुडघे गेले, पण जीभ आहे तशीच आहे. जित्याची खोड म्हणतात ती ही. त्या जिभेनं मी एका बाईचं काय केलं ते माझ्यामागं कोणी वाकडंतिकडं सांगण्यापेक्षा मीच सरळ सांगते.

नाचणगावात आमचं घर. सत्तर साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. घरात सासू, आम्ही दोघी जावा, आमचे नवरे आणि माझी तीन लेकरं. धाकटीच्या लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती, पण कूस उजवली नव्हती. रंगानं गोरी, मॅट्रिक झालेली, आणि कोणी काही बोललं तर खाली मान घालून ऐकून घेणारी. मला अशा बायांचा भारी राग यायचा. उलट बोलली असती तर एखाद्या वेळी मी तिला सोडलंही असतं.

तिचं माहेर सिंदी रेल्वेचं. बाप जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता आणि हौसेनं घरी पांढरे ससे पाळायचा. त्या वर्षी दिवाळीला माहेरी गेली ती येताना टोपलीत एक सशीण घेऊन आली. पॅसेंजरनं पुलगावला उतरली आणि तिथून टोपली छातीशी धरून पायी घरी.

"गाभण हाय जी," सासूला म्हणाली. असं लाजून म्हणाली की जशी स्वतःचीच बातमी देत होती.

सासूनं सशिणीला कान धरून उचललं, पोट चाचपलं आणि म्हणाली, "बरं. तुह्या हातचं जित्राब तरी फळते का पाहू. नाई फळलं, त मंग आमाले काय करायचं ते करू."

काय करायचं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दिरासाठी दुसरी बायको पाहणं सुरूच होतं. धाकटी त्या दिवसापासून सशिणीला अशी जपायला लागली की जणू हिचं नांदणं त्या जनावराच्या पोटात आहे. आणि होतंच म्हणा. पण एक गोष्ट तिला माहीत नव्हती. माझी धाकटी बहीण लग्नावाचून माहेरी बसून होती, उंच, काळी, दोन ठिकाणांहून नकार आलेली. तिचं नाव मी सासूच्या कानात कधीच घालून ठेवलं होतं.

कापूस वेचणीचे दिवस. मागची खोली कापसानं भरली होती, तिथंच एका कोपऱ्यात सशीण. धाकटी म्हणायची, सशीण एकतीस दिवसांत विते. एकतिसावा दिवस गेला, बत्तिसावा गेला. सशीण पोट जमिनीला टेकवून नुसती बसून. धाकटी तिला गुळाचं पाणी पाजायची, जवसाचं तेल बोटाला लावून हलक्या हातानं पोट चोळायची. स्वतःचं जेवणखाण विसरली.

मी चुलीपासून ओरडले, "मालकिणीचाच गुण लागला वाटते वं तिले!"

सासू खो खो हसली. मीही हसले. धाकटी चोळतच राहिली.

तेहतिसाव्या दिवशी दुपारी सशिणीनं छातीचे केस उपटून काढले, कोपऱ्यात जमवले आणि कण्हल्यासारखी अंग आवळायला लागली. तास झाला तरी काही नाही. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मी सासूला म्हटलं, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "जवळ वांझेची सावली असल्यावर ते मोकळं होईन तरी कसं?"

सासूनं धाकटीला दंडाला धरून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. "तू नको इथं. मोठी पाहते."

"आत्याबाई, मले राहू द्या जी. माह्या बापाच्या घरी मी पाहिलं हाय."

"आमाले शिकवू नको," मी आतून म्हटलं. "माह्या हातानं सात गाई मोकळ्या झाल्या."

हे खरं होतं. गाईचं बाळंतपण मला पाठ होतं, आणि मी सशिणीचंही तसंच करायला बसले. कडी लागल्यावर थोड्याच वेळात एक पिल्लू आलं, मग लागोपाठ तीन. सावली गेली आणि सुटली, असं सासू म्हणाली, आणि मला बरं वाटलं. पिल्लं बोटाएवढी, उघडी, लालभडक. प्रत्येकामागं जार पडत होता, वार म्हणतात तो. सशीण वळली आणि जाराला तोंड लावलं.

आता गाईचा जार पडला की आम्ही टपून बसतो. गाईनं जार खाल्ला की दूध आटते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. जार फडक्यात बांधून वडावर टांगायचा, वडाला चीक असतो ना, म्हणजे दूध उतरते. मी झटकन सशिणीच्या तोंडात बोटं घातली आणि जार ओढून काढला. ती मला कडकडून चावली. बाकीचे तीनही काढले. दाराच्या फटीला डोळा लावून धाकटी उभी होती. ती किंचाळली:

"खाऊ द्या जी, मोठ्या बाई! खाऊ द्या तिले!"

सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला सशिणीचं रक्तानं भरलेलं तोंड तेवढं दिसलं. "अव माय! पिल्लं खाऊन राह्यली का ते? आन हे म्हन्ते खाऊ द्या?"

मी हातातल्या लिबलिबीत जाराकडं पाहिलं. पिल्लं चारही पूर्ण होती, माझ्यासमोर वळवळत होती. मला फक्त 'जार' एवढा एकच शब्द बोलायचा होता. मी म्हटलं, "तुमीच ऐकलं न."

मग पिल्लं उचलून मी कोमट पाण्यानं धुतली, बाळंतिणीचं लेकरू धुतात तशी, आणि कापसात गुंडाळून सुपात ठेवली. पाचवं अडलं होतं. मागचा पाय बाहेर आणि पुढं काही नाही. बाहेरून धाकटी रडत सांगत होती, "तेल लावा जी, कळ आल्याबिगर ओढू नका, खालच्या अंगानं घ्या!" मला तिच्या हाताखाली काम करायचं नव्हतं. मी पायाला फडकं गुंडाळलं आणि वासरू ओढतात तसं ओढलं. सशाला आवाज नसतो म्हणतात. असतो. तो आवाज ऐकून सासूनंच घाबरून कडी काढली.

धाकटी आत आली, मला बाजूला ढकललं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं मला हात लावला. तेलाचं बोट आत घालून, कळेची वाट पाहत, तिनं ते पिल्लू पूर्ण काढलं. मेलेलंच होतं. सशीण दिवेलागणीच्या आधी तिच्या मांडीवर गेली. धुतलेली पिल्लं गारठली होती, ती पदराखाली घेऊन धाकटी बसून राहिली, वातीनं दूध पाजत. सकाळपर्यंत एकही उरलं नाही. चार जार मात्र सासूनं आठवणीनं वडावर टांगायला पाठवले. दूध कोणाला उतरायचं होतं देव जाणे.

विहिरीवर ती गोष्ट मीच नेली. वांझेनं सशिणीला पिल्लं खायला सांगितली. दोन दिवसांत गाव म्हणायला लागलं, पोटात पोर नाही तर काळीजही नाही. शेजारणी तिला पाहून लेकरं पदराआड घ्यायला लागल्या. ती सांगायची, "मी जाराले म्हनलं होतं जी." सासू म्हणायची, "आता सुचलं वाटते!" एकदा तिनं मला गोठ्यात गाठलं. "मोठ्या बाई, तुमच्या हातात जार होता. तुमाले त मालूम हाय न?"

"मले काय मालूम?" म्हणून मी शेणाचं टोपलं उचललं.

आठव्या दिवशी तिचा बाप आला. ओसरीवर गावची दोन जुनी माणसं, माझा नवरा, दीर, सासू. दीर खाली पाहत नखं कुरतडत होता. म्हातारा कोणाशी भांडला नाही. सरळ माझ्याकडं वळला आणि हात जोडले.

"बाई, तुमी आत होत्या. ससा जार खातेच जी, त्यात वाईट नाई. पोरगी त्यालेच खाऊ द्या म्हने न? तुमी सांगा. तुमी सांगसान ते खरं."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. दारामागं धाकटी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. तिला वाटलं असणार, बापासमोर तरी ही खरं बोलेल. माझ्या डोळ्यांपुढं माझी बहीण होती, माहेरी भिंतीला टेकून बसलेली, आणि आईचं तोंड. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला म्हाताऱ्याची कीव आली नाही. सगळे माझ्या शब्दासाठी थांबले आहेत याचं मला सुख वाटलं.

"जाराचं नाव नाई घेतलं तिनं," मी म्हटलं. "खाऊ द्या, येवढंच म्हने. देवाशपथ."

शपथ खोटी नव्हती. जाराचं नाव तिनं खरंच घेतलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं जोडलेले हात सोडले. "चाल माय," म्हणाला. ती गाठोडं घेऊन बाहेर आली, सासूच्या पाया पडली, मग माझ्या. आमच्याकडं जाणाऱ्याला कोणी जा म्हणत नाही. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "येजो वं."

"हो जी," ती म्हणाली.

पुढच्या वैशाखात माझी बहीण धाकटीच्या जागी आमच्या घरात नांदायला आली.