आरतीची पात

सत्यशीलानं शाळेच्या फुटबॉल संघातल्या पोरींना ऑफसाइड शिकवलं ते खुरपणीच्या भाषेत. पाथर्डीकडच्या पोरी, पात धरणं त्यांना सांगावं लागत नव्हतं. खुरपताना बायका एका ओळीत बसतात, कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही, ती पात. तसंच बचावातल्या चौघींनी राहायचं आणि ‘पात!’ अशी हाक आली की एकदम पुढं सरकायचं. चेंडू मारला जाताना समोरच्या संघाची पोरगी आपल्या मागं उरली, की पंचाचं निशाण वर.

“मागं राहील तिला कोल्हा नेईल,” सत्यशीला दरडावायची आणि पोरी खिदळायच्या.

हाक द्यायची ती चौघींतली आरती. गेल्या हंगामात ती आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली आणि ट्रॉली उलटून तिकडंच संपली. तिच्या जागी धनश्री आली. शाळेत नवीन, तिनं आरतीला पाहिलंही नव्हतं. हाक आता सत्यशीला देऊ लागली. पण जुन्या तिघी तिच्या हाकेआधीच सरकायच्या. एकदम, एकाच पायानं. मागं राहायची ती फक्त धनश्री.

“कुणाच्या इशाऱ्यावर हलता गं?” सत्यशीलानं तिघींतल्या राजेश्वरीला बाजूला घेऊन विचारलं.

“आरती वरडती की, मॅडम. तुमाला न्हाई येत ऐकू?”

पोरगी थट्टा करत नव्हती.

जिल्ह्याचा सामना भिंगारला होता. निघतानाच धनश्री म्हणाली, “आज माज्यामुळं गोल झाला तर मी खेळ सोडते, मॅडम.”

आणि झालंच तसं. सत्यशीला “पात!” म्हणून ओरडली, धनश्री एकटीच पुढं धावली, तिघी जागच्या हलल्या नाहीत. त्या भगदाडातून गोल झाला.

मध्यंतरात धनश्री बुटाची नाडी सोडायला लागली. राजेश्वरी सत्यशीलाच्या कानाशी येऊन म्हणाली, “तुमी वरडू नका, मॅडम. दोन हाका झाल्या की गोंधळ व्हतोय.”

सत्यशीलानं धनश्रीची नाडी स्वतः परत बांधली. “जा, खेळ,” एवढंच म्हणाली. मग उरलेला सारा वेळ ती दातांत रुमाल धरून उभी राहिली.

चौघी सरकल्या. निशाण वर. पुन्हा सरकल्या, पुन्हा निशाण. धनश्री आता शेजारणीकडं बघतही नव्हती. मान जराशी तिरपी, जशी कुणी बोलताना आपण धरतो. सत्यशीलानं दातांतला रुमाल आणखी घट्ट धरला. पुढं खेळणाऱ्या पोरींनी दोन गोल केले आणि सामना जिंकला.

धनश्री धापा टाकत येऊन सत्यशीलाच्या गळ्यातच पडली.

“मॅडम, आता कळली तुमची हाक! आदी लई लांबून यायची. आता पार कानाशी. अशीच द्या बरं का रोज!”

सत्यशीलानं दातांतला रुमाल काढला. पोरीचा चेहरा किती दिवसांनी फुलला होता.

“देईन,” ती म्हणाली.