केसरीनाथ मास्टरची वाळू

द्रौपदी सुके बोंबील साफ करत बसली होती. तिचा नवरा मागून आला, टोपलीतला एक बोंबील शेपटीला धरून उचलला आणि खिडकीशी गेला. खिशातून त्याने पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा काढला. तुकड्यावर नखाएवढा वाळूच्या रंगाचा ठिपका होता. तो बोंबलाशेजारी धरून त्याने मान वाकडी केली.

"न्हाय. ह्यो पिवला मारतो."

"बोंबील हाय त्यो," द्रौपदी म्हणाली. "त्याचा रंग इमानाला लावाल तं घारी लागतील मागं."

केसरीनाथ हसला नाही. बोंबील टोपलीत टाकून तो ओटीवर गेला, ओटीवरून अंगणात, अंगणातून परत आत. अंड्यावर आलेली कोंबडी जागा शोधत फिरते, तसा हा माणूस दोन वर्षं घरभर फिरत होता. पण या आठवड्यासारखा कधीच नाही.

पूर्णा गावचा केसरीनाथ एकतीस वर्षं भिवंडीतल्या एका डाईंगमध्ये कलर मास्टर होता. लूमवरून कोरं कापड यायचं, सोबत व्यापाऱ्याचा बोटभर नमुना, आणि त्या नमुन्याबरहुकूम सगळा लॉट रंगवून द्यायचा. केसरीनाथ नमुना घेऊन उत्तरेच्या दरवाज्यात उभा राहायचा, सकाळी दहाला, उन्हाकडे पाठ करून. तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, शेठनेसुद्धा नाही. मग आत येऊन सांगायचा, "पिवला पाव किलो. लाल चिमूटभर. काला नुसता दाखव आनि डबा बंद कर." कारागीर हसायचे, पण काळ्याचा डबा खरोखरच पाण्याला दाखवून ठेवून द्यायचे. 'सॅम्पलला सॅम्पल' हा त्याचा कायदा. नमुन्यापेक्षा केसभर उजळ नाही, केसभर गडद नाही.

मग रंग वाचायचं मशीन आलं. एका बदामी लॉटला केसरीनाथ म्हणाला पास, मशीन म्हणालं फेल. "मास्टर, मशीन नहीं मान रही," ऑपरेटर म्हणाला. शेठने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा केसरीनाथकडे, आणि लॉट पुन्हा रंगवायला सांगितला. केसरीनाथने हात धुतले आणि घरी आला तो आलाच. शेतावर जावं तर तिथे एव्हाना गोदाम उभं होतं.

तेव्हापासून एकच गोष्ट त्याला कुरतडत होती. मशीन बरोबर होतं का? आपला डोळा गेला का? डॉक्टरने दोनदा तपासून डोळे चांगले असल्याचं सांगितलं. पण डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. बदामी पंचवीस तऱ्हेचा असतो, हे डॉक्टरला काय ठाऊक?

अशात या सोमवारी संघरत्ना आला. पूर्ण्याच्या शाळेत दोघे एका बाकावर बसायचे. पुढे संघरत्ना वायुदलात गेला, वीस वर्षं राजस्थानातल्या एका तळावर विमानांना रंग देणाऱ्या तुकडीत होता. आता धामणकर नाक्यामागे राहतो आणि प्लास्टिकची छोटी लढाऊ विमानं जोडतो. त्याने खोका उघडला. आत दीड वीत लांबीचं, अजून रंग न लागलेलं विमान होतं.

"केसऱ्या, हे आमचं. ह्याच नंबराचं. मी, वॉरंट ऑफिसर साहेब आणि अजून तिघं, आम्ही रंगवलेलं. वाळू आणि त्यावर तपकिरी पट्टे, म्हणजे वरून बघणाऱ्याला खाली वाळवंटच दिसावं."

"मंग रंगव ना."

"डब्यातली वाळू विकत मिळते रे. पण ती कुठल्यातरी दुसऱ्याच देशाची. आपली नाय." संघरत्नाने रुमालातून तळहाताएवढं अॅल्युमिनियमचं झाकण काढलं. "विमान भंगारात निघालं तेव्हा साहेबांनी मला दिलं. त्याच्याच पाठीवरचं. आतल्या बाजूलाही तोच रंग, कडेला तपकिरी; तिथं ऊन लागलेलं नाय, सगळं जसंच्या तसं आहे. रविवारी आमची तुकडी जमतेय. साहेब पंच्याऐंशीचे झाले, ह्यापुढं जमू न जमू. विमान त्यांच्या हातात द्यायचंय. रंग चुकला तर तोंडावर सांगतील, संघरत्ना, हे कुणाचं विमान आणलंस?"

केसरीनाथने झाकण हातात घेतलं. दोन वर्षांत कुणी त्याला नमुना दिला नव्हता.

"उद्या ये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिवळा, पांढरा, विटकरी घोटला, काळा दाखवला. झाकणाच्या अर्ध्या भागावर आपला रंग दिला आणि वाळल्यावर द्रौपदीपुढे धरला. "जोड कुठं हाय?" द्रौपदीने निरखून पाहिलं, शेवटी बोट फिरवलं तेव्हा तिला कड लागली. डोळ्यांना नाही लागली.

संघरत्नाने तोच रंग विमानाला लावला. वाळला. त्याने विमान हातात फिरवलं आणि खाली ठेवलं.

"काय रं?"

"वाईट वाटून घेऊ नको."

"बोल."

"हे नाय ते. चिखलातून काढल्यासारखं वाटतंय. आमचं विमान असं नव्हतं."

"झाकनाला लावून बघ!"

"झाकणाला बरोबर आहे. विमानाला नाय."

"झाकान त्याच इमानाचं ना?"

"त्याचंच."

दोघे एकदा झाकणाकडे, एकदा विमानाकडे बघत राहिले. संघरत्ना गेल्यावर केसरीनाथ बायकोला म्हणाला, "मशीन बरोबर व्हतं."

तिथून सुरुवात झाली. रंगाचा तुकडा खिशात घालून तो जे दिसेल त्याला लावून बघू लागला. खोक्यांचा पुठ्ठा, गव्हाचा कोंडा, हवालदाराची पँट. हवालदाराने विचारलं, "काय पाहिजे?" बोंबलाचं प्रकरण झाल्यावर द्रौपदीने त्याला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर पिटाळलं. "जा, कुंडात पाय सोडून बसा. डोकं थंड व्हईल."

"ऊन पान्यानं डोकं थंड व्हतंय व्हय?"

"घरातलं तरी व्हईल. माजं."

तो गेला. कुंडाच्या पायरीवर बसला, पाय सोडले, आणि पाच मिनिटांत शेजारच्या माणसाच्या टॉवेलाला तुकडा लावला. "टॉवेल चाहिए क्या, सेठ?" त्या माणसाने विचारलं. केसरीनाथ ओल्या पायांनीच उठला आणि मिळाली त्या गाडीने परत आला.

शुक्रवारी सकाळी तो घरातून निघाला आणि चालत राहिला. गावाबाहेर गोदामांची रांग लागते. एका बांधणीची आठ गोदामं, सगळ्यांवर मातकट पिवळे पत्रे. पहिलं त्याच्याच शेतावरचं. केसरीनाथ त्याच्या कोपऱ्यावर आला आणि रस्त्याच्या मधोमध थांबला. पहिल्याचा पत्रा हळदीत माती कालवल्यासारखा. तिसऱ्याचा फिका. आठव्याचा तर ताकात चिमूटभर हळद टाकावी तसा.

"ओ चाचा, मरना है क्या?" मागून ट्रकवाला ओरडला.

केसरीनाथ बाजूला झाला तो थेट वॉचमनच्या खुर्चीपाशी. "भाई, ये आठों का पत्रा अलग-अलग है?"

"नहीं चाचा. एक साथ आया, एक ही लॉट."

एक लॉट. केसरीनाथ जवळजवळ पळतच आठव्या गोदामापाशी गेला आणि पत्र्याला नाक लावलं. हळद आणि माती. वळून पाहिलं, तर आता त्याच्या शेतावरचं पहिलं गोदाम ताकासारखं दिसत होतं.

शेअर रिक्षात तो ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर बसून नाक्यावर उतरला. संघरत्नाच्या दारात चपला न काढताच त्याने विचारलं, "रत्ना, अख्खं इमान तू किती लांबून बघायचास?"

"आम्ही तर हातात रंग फवारायचं पिस्तूल घेऊन..."

"रंगवताना न्हाय. रंगवताना नाकापुढं कवरं इमान दिसतं? झाकनाएवरं. शेपटीपासून चोचीपर्यंत येकदम कुठनं दिसायचं?"

संघरत्नाने डोळे मिटले. "सकाळी बाहेर काढून उभं करायचे. आम्ही मेसच्या दारात चहा पीत असायचो. तिथून दिसायचं."

"किती लांब?"

"दीडशे पावलं असतील."

"मधी काय?"

"मधे काय असणार? ऊन, धूळ."

"मंग ती धूल ऱ्हायली घालायची," केसरीनाथ म्हणाला. "दीड इतीचं इमान हातात धरलं तरी तू त्ये दीडशे पावलांवरनंच बघतोस. उद्या ये माज्याकडं."

शनिवारी झाकणाचा रंग समोर ठेवून त्याने पांढऱ्याचा थेंब काडीवर घेतला आणि हात थांबला. नमुन्यासारखा झालेला रंग जाणूनबुजून बिघडवायचा होता. एकतीस वर्षांत असं कुणी केलं असतं तर त्याने त्याला गेटबाहेर काढलं असतं. मग थेंब पडला. त्याने सात पट्ट्या ओढल्या, एक नंबर सगळ्यात गडद, सात सगळ्यात उजळ. एका चिठ्ठीवर आपल्या निवडीचा आकडा लिहून ती द्रौपदीच्या हातात दिली.

"ही मुठीत धर. त्यानं निवडल्याबिगर उघडायची न्हाय."

"आनि दुसराच निवडला तं?"

"तं डोला गेला. मंग बसंन घरात, तुज्या बोंबलाला राखन."

एवढ्यात संघरत्ना आला. घाईत चौथ्या पट्टीला केसरीनाथचा अंगठा लागून ती फासली, ती त्याने पुन्हा ओढली. संघरत्नाने पट्ट्या दारात धरल्या, उन्हाकडे पाठ करून, केसरीनाथने सांगितलं तशी. चारवरून पाचवर गेला, पाचवरून चारवर आला.

"चार," तो म्हणाला.

केसरीनाथने ब्रश खाली ठेवला. अंगणात गेला, नळ उघडला, बंद केला, परत आला. द्रौपदीची मूठ तशीच बंद होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पट्ट्यांकडे.

"अवो, चार तुमी आत्ता वढली ना? भावजी आले तवा? वली हाय ती."

केसरीनाथने चौथ्या पट्टीवर बोट टेकलं. बोटाला रंग आला. हा रंग ओला असताना उजळ दिसतो, वाळला की गडद होतो. कारखान्यात ओल्या कापडावर शेड कुणी बघायचं नाही म्हणून तो लोकांच्या अंगावर धावून जायचा, आणि आज ओली पट्टी स्वतःच पुढे केली होती.

"च्या पी," तो संघरत्नाला म्हणाला. "सावकाश पी."

संघरत्नाने चहा प्यायला, बशी पुसून ठेवली, पट्ट्या पुन्हा दारात नेल्या. यावेळी तो एकदाच थांबला.

"वहिनी, चार मघाशी वेगळी होती की काय? ही नाय. ही पाच. हे आमचं. हे मेसच्या दारातलं."

द्रौपदीने मूठ उघडली. चिठ्ठी घामाने भिजली होती, पण पाचाचा आकडा वाचता येत होता.

"बसा आता तरी," ती नवऱ्याला म्हणाली.

"बसतो ना," केसरीनाथ म्हणाला आणि उभ्यानेच विटकरीची बाटली हलवू लागला. "आनि त्या डाईंगच्या मशीनला दारात न्हेऊन उभं करायला पायजे व्हतं येकदा. रत्ना, झाकान दे इकडं. तपकिरी ऱ्हायला हाय, त्यातबी धूल घालायची. आनि उद्या मी येतो तुज्यासंगं. न्हायतर साहेबांना दाराऐवजी दिव्याखाली देशील इमान, माजं नाव खराब करशील."