थंड डब्यातलं इंजेक्शन

सगळे त्यांना मागून ‘तिखट सिस्टर’ म्हणत. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती. तीन खाटांचं छोटं प्रसूतिगृह त्या एकटीच्या हिमतीवर चालवत. लुडबुड करणाऱ्या नवऱ्यांना व्हरांड्यात हाकलत आणि नुसत्या बसून राहणाऱ्यांना कामाला पिटाळत.

हा तिखटपणा काही जन्मापासूनचा नव्हता बरं! एकदा एक बाई बाळंत झाली, बाळ खणखणीत रडलं, पण बाईचं रक्त काही थांबेना. सिस्टरांनी रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं. मग दुसरं दिलं. कुठलं काय! पाणी टोचलं असतं तरी तेवढाच उपयोग झाला असता. ते इंजेक्शन थंडाव्यातच ठेवावं लागतं, आणि घाऊक दुकानदारानं उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात टाकून दिलं होतं. बाई गेली. सिस्टर दुकानात जाऊन भांडल्या, तर मेला दात काढत म्हणाला, "घेणार पाच-दहा नग, आणि रुबाब केवढा!"

ते त्यांना झोंबलं, कारण खरं होतं. एकट्यादुकट्याला कोण विचारतो? मग त्यांनी आसपासच्या छोट्या दवाखान्यांची दारं ठोठावली. कुणाला गोड बोलून, कुणाला चक्क दरडावून एकत्र आणलं. सगळ्यांची मिळून एकच मोठी मागणी. औषध थेट कारखान्यातून, थंड डब्यात, तपासणीच्या दाखल्यासकट, आणि वर स्वस्त. कारखान्याची अट एकच होती: मागणी ठरल्यापेक्षा कमी झाली, तर गाडी येणार नाही.

आणि फुटला कोण? सख्खा धाकटा दीर! तो डॉक्टर, गटातला सगळ्यात मोठा दवाखाना त्याचा. त्यानं गुपचूप त्याच घाऊक दुकानदाराकडून माल उचलला. त्याच्या वाट्याशिवाय मागणी भरत नव्हती. कळल्याबरोबर सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अंगावरचा एप्रनही न काढता त्या तडक त्याच्या दवाखान्यात गेल्या.

दिराच्या केबिनमध्ये नवा कोरा एसी गुरगुरत होता. दुकानदाराची भेट! आणि इंजेक्शनं? जिन्याखालच्या कपाटात. सिस्टरांनी खोक्याला हात लावला, तर कोमट. घ्या! डॉक्टरला गारवा आणि औषधाला उकाडा.

"भावजी, हे काय चाललंय?"

"वहिनी, दवाखाना चालवायचा म्हणजे दोन पैसे बघावे लागतात. हा आणखी स्वस्त देतो."

"आणि तुमच्या बायकोचे दिवस भरत आलेत. तिला हेच टोचणार?"

दीर अगदी मोकळेपणानं हसला. "छे हो! तिला तुमच्याकडेच आणणार. तुमचं इंजेक्शन खात्रीचं असतं ना!"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे सिस्टरांना ऐकून माहीत होतं. पण इतक्या निर्लज्जपणे? इतकी वर्षं अहो-जाहो केलेल्या दिराला त्या पहिल्यांदाच ‘अरे’ म्हणाल्या.

"अरे, माझ्याकडे ते येणार कुठून? तू बाहेर पडलास की गाडीच येत नाही! तिची वेळ येईल तेव्हा माझ्या फ्रिजमध्ये काय असणार? माझं कपाळ?"

दिराची बायको वरच्या मजल्यावरून खाली आली होती. दारात उभं राहून तिनं सगळं ऐकलं होतं.

"इथे येणाऱ्या बायकांना तुम्ही हे जिन्याखालचं देता?" तिनं नवऱ्याला विचारलं. तो टेबलावरचे कागद लावू लागला.

"मग मीही इथेच बाळंत होणार. मलाही ह्यातलंच द्या."

"वेड लागलंय का तुला?" तो ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्यानं फोन उचलून गटाकडे आपली पूर्ण मागणी नोंदवली.

काम झालं, पण सिस्टरांचा राग काही उतरेना. कपाटातली सगळी खोकी त्यांनी एप्रनमध्ये भरली आणि मोरीत नेऊन एकेक इंजेक्शन फोडलं. बाहेरच्या बाकावर दिवस भरलेल्या दोन बायका बसल्या होत्या.

"उठा गं दोघी. चला माझ्याकडे. चांगलं औषध अजून थोडं शिल्लक आहे."

दीर मागून धावत आला. "वहिनी, अहो, माझे पेशंट आहेत ते!"

"तुझे असते, तर फोन आधीच केला असतास," सिस्टर म्हणाल्या, आणि एकीची पिशवी उचलून चालू लागल्या.